संस्थेच्या आवारातला जाचही कायद्याच्या कक्षेत आणा : गोवा विधानसभेला खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सभापती आणि सर्व सदस्य,
गोवा विधानसभा, पर्वरी

सविनय नमस्कार.

माझी मागणी एकच आहे. नवरा, सासर किंवा घरातलं कुणी एखाद्या बाईचे पैसे, फोन, येणं-जाणं, बोलणं-चालणं हळूहळू आपल्या मुठीत घेतं, तेव्हा आपला कायदा त्याला छळ म्हणतो. तेच काम एखादी संस्था, कंपनी, वसतिगृह, आश्रम, ठेकेदार किंवा पंथ करतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. इंग्लंडच्या कायद्यात याला ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ म्हणतात. मी त्याला जाचक नियंत्रण म्हणते. घराच्या उंबरठ्याशी थांबलेला हा कायदा संस्थांच्या फाटकाआत न्यावा आणि त्याची सुरुवात गोव्याने करावी, यासाठी हे पत्र.

मी फोंडा तालुक्यात, औद्योगिक वसाहतीजवळच्या एका बँकशाखेत काउंटरवर नोकरी केली. पगार जमा झाले की दुसऱ्या दिवशी एक माणूस पासबुकांचा गठ्ठा घेऊन एंट्री मारायला यायचा. गठ्ठ्याला रबरबँड, आणि सोबत तेवढीच एटीएम कार्डं. प्रत्येक कार्ड कागदी पाकिटात आणि पाकिटावर बॉलपेनने लिहिलेला पिन. बाहेरच्या मशीनवर एकामागून एक कार्ड घालून तो पैसे काढायचा आणि मागे रांग वाढत जायची. खातेदार कधी शाखेत आलेच तर हा बाजूला उभा असायचा. ‘बॅलन्स किती?’ हे ते मला विचारायचे, पण बघायचे त्याच्या तोंडाकडे. पगार बँकेतून द्यावा हा नियम त्या ठिकाणी कागदोपत्री पूर्ण पाळला जात होता. तपासणीला कुणीही आलं असतं तरी त्याला पै-पैचा हिशेब जुळलेला दिसला असता.

निवृत्त झाल्यावर मी गावच्या वाचनालयात संध्याकाळी बसते आणि लोकांना अर्ज लिहून देते. रेशनकार्ड, विधवा पेन्शन, मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या) प्रकरणांच्या तारखा, असलं सगळं. तिथेच एक मुलगी आईला घेऊन आली. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं गाळून, तिची हकिगत इथे देते.

बावीस-तेवीस वर्षांची. रुग्णांना आणि वृद्धांना ठेवून घेणाऱ्या एका निवासी संस्थेत ती ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून लागली. रुजू झाली त्या दिवशी दहावीचं, बारावीचं आणि डिप्लोमाचं मूळ प्रमाणपत्र ‘पडताळणीसाठी’ घेतलं. पावती दिली नाही. तीन वर्षांच्या बाँडवर तिची सही झाली, वडिलांची जामीनदार म्हणून झाली. स्टँपपेपरवर रकमेची जागा कोरी होती. पहिले काही आठवडे फार चांगले गेले, असं ती स्वतःच सांगते. सगळे एकमेकींना ताई म्हणत, वाढदिवसाला केक कापत, मोठ्या मॅडम जवळ बसवून घरची चौकशी करत. याच चौकशीत वडिलांच्या डोक्यावर कर्ज किती आणि बहिणीचं लग्न कुठे अडलंय, हे मॅडमना कळलं.

मग फोन. रुग्णाजवळ फोन नको, हे कुणालाही पटेल. पुढे ड्युटी नसतानाही फोन ऑफिसातल्या टोपलीत ठेवायचा ठरला. त्यानंतर फक्त रविवारी, एक तास, तोही स्पीकरवर. पगारातून जेवण, गणवेश आणि ‘शिस्तभंग’ अशी कपात व्हायची. ती ज्या रजिस्टरात लिहिलेली असे ते रजिस्टर मुलींना कधी दाखवलं गेलं नाही. खोलीतल्या मुलींनी एकमेकींबद्दल सांगायचं, जी सांगेल तिला रविवारची सुट्टी. शनिवारी रात्री बैठक. प्रत्येकीने उभं राहून आपल्या चुका बोलायच्या आणि राहिलेल्या चुका इतरांनी जोडायच्या. त्याखेरीज माफीपत्रं. तिने मला एकाचा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला: ‘मी स्वखुशीने लिहून देते की माझ्या स्वभावात उद्धटपणा आहे, मी कामाला लायक नसतानाही संस्थेने मला सांभाळून घेतलं आहे.’ आजी वारली तेव्हा ‘बदली माणूस दे आणि जा’ असं उत्तर मिळालं. ती घरी पोचली तेराव्याला.

तिला कुणी मारलं नाही. दाराला कुलूप नव्हतं. फाटकासमोरून कदंबची बस जाते. म्हणून जो तो तिला एकच प्रश्न विचारतो, मग निघून का नाही आलीस? कागद त्यांच्याकडे होते. कोऱ्या जागेत कितीचा आकडा भरतील याचा नेम नव्हता आणि तो आकडा वडिलांच्या मानेवर बसणार होता. शिवाय आपण लायक नाही, असं इतक्या वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिल्यावर तिला ते खरं वाटू लागलं होतं. अशा जागी कुलपाची गरज लागत नाही. सदस्य महोदय, या पत्रातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे मात्र लक्षात ठेवा.

बाहेर पडल्यावर आम्ही दाद मागायला निघालो. पोलीस ठाण्यातल्या माणसाने नीट बसवून विचारलं. मारलं का? कोंडलं का? अंगाला हात लावला का? मुलीने तिन्हीला नाही म्हटलं. मग हा मालक-नोकर वाद, कामगार कार्यालयात जा. तिथे कळलं की नेमणूकपत्रात ती कामगार नाहीच, प्रशिक्षणार्थी आहे, आणि प्रमाणपत्रं अडवल्याची तक्रार नेमकी कशाखाली घ्यायची हा प्रश्नच आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल विचारलं, तर तो घरापुरता. कुणीही आमच्याशी उर्मटपणे वागलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. जो तो आपापल्या कलमात शोधत होता आणि त्या कलमांत ही मुलगी बसत नव्हती.

कलमं काय आहेत ते पाहा. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून अन्यायाने अडवणं आणि कोंडणं यांसाठी १२६ आणि १२७, धमकीसाठी ३५१, आणि मनाविरुद्ध काम करायला भाग पाडण्यासाठी १४६ अशी कलमं आहेत. यांतलं प्रत्येक कलम एकेका घटनेकडे पाहतं. त्या दिवशी, त्या वेळी, त्या माणसाने काय केलं? जाचक नियंत्रणात अशी एकच घटना बोट ठेवून दाखवता येत नाही. फोन टोपलीत ठेवायला सांगणं हा गुन्हा नाही. शनिवारची बैठक हा गुन्हा नाही. बाँडही गुन्हा नाही. गुन्हा या सगळ्याच्या विणीत आहे. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा बराच जवळ येतो, पण व्यवहारात त्याखाली प्रकरण उभं करायचं तर उचल किंवा कर्ज कुठे आहे, असं विचारतात. या मुलीने उचल घेतलीच नव्हती. कॉलेजांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावलं. नोकरीला ठेवणाऱ्या खासगी संस्थेला तो नियम लागू नाही.

घराच्या बाबतीत मात्र आपल्या देशाने ही वीण ओळखली आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात मारहाणीच्या जोडीला शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्वच्छ लिहिला आहे. बाईला पैशाला हात लावू न देणं, नोकरी करू न देणं, सतत पाणउतारा करणं, हे सगळं त्यात येतं. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत घ्यावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असंही तो कायदा सांगतो. अट एकच, दोघांमध्ये कौटुंबिक नातं हवं. माझ्यासमोर बसलेल्या मुलीला हाच जाच सासरी झाला असता, तर तिला संरक्षण अधिकारी मिळाला असता.

ही अट कुठल्या तत्त्वावर उभी आहे, हे मी बराच विचार करूनही मला सापडलं नाही. उलट, माणसाला न बांधता बांधून ठेवायची ही तंत्रं पहिल्यांदा पद्धतशीरपणे टिपली गेली तीच मुळी संस्थांमध्ये. कोरियाच्या युद्धात कैद झालेले अमेरिकी वैमानिक खोटे कबुलीजबाब का देत होते, याचा अभ्यास अल्बर्ट बिडरमन यांनी केला आणि १९५७ मध्ये तो मांडला. एकटं पाडणं, थकवणं, क्षुल्लक नियमांची सक्ती, पाणउतारा, मधूनच एखादी सवलत, आणि सगळं काही आमच्या हातात आहे असं सतत दाखवत राहणं. मारहाणीशिवाय एवढ्यावर काम होत होतं. पुढे स्त्रियांसोबत काम करणाऱ्यांना घराघरांत हेच दिसलं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये ठामपणे मांडलं की हा केवळ मारहाणीचा प्रश्न नाही, माणसाच्या स्वातंत्र्याविरुद्धचा गुन्हा आहे. छावणीत लागलेला शोध घरात आला आणि तिथे त्याचा कायदा झाला. तो कायदा फाटकाआतल्या संस्थांना लावणं म्हणजे त्याला जिथून तो निघाला तिथे परत नेणं आहे.

इंग्लंड आणि वेल्सने २०१५ च्या गंभीर गुन्हे कायद्याच्या कलम ७६ मध्ये हा गुन्हा आणला. डिसेंबर २०१५ पासून तो लागू आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. वागणूक पुन्हा पुन्हा किंवा सतत घडलेली हवी, तिचा त्या व्यक्तीवर गंभीर परिणाम झालेला हवा, आणि तो होईल हे करणाऱ्याला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं हे सिद्ध व्हायला हवं. सुरुवातीला वेगळ्या झालेल्या जोडीदारांना तो लागू होत नसे. त्यातला अन्याय लक्षात आल्यावर २०२१ च्या कायद्याने ती मर्यादा काढली आणि एप्रिल २०२३ पासून वेगळं राहणाऱ्यांनाही तो लागू झाला. स्कॉटलंडने २०१८ च्या कायद्यात शिक्षा चौदा वर्षांपर्यंत नेली. आता तिथे बंदिस्त पंथांतून आणि गटांतून बाहेर पडलेले लोक विचारत आहेत की नवरा-बायकोला लागू असलेला कायदा गुरू आणि शिष्याला, संस्था आणि सदस्याला का नाही. ती मोहीम अजून यशस्वी झालेली नाही, पण प्रश्न तोच आहे जो माझ्या वाचनालयात आला.

फ्रान्स वेगळ्या वाटेने तिथवर पोचला. तिथे २००१ च्या कायद्याने पंथांनी माणसाच्या अगतिकतेचा गैरफायदा घेणं गुन्हा ठरवलं, आणि मे २०२४ च्या कायद्याने कुणाला मानसिक किंवा शारीरिक अंकित अवस्थेत आणणं वा ठेवणं हाच स्वतंत्र गुन्हा केला. तीन वर्षं कैद आणि ३,७५,००० युरोंपर्यंत दंड. जपानने डिसेंबर २०२२ मध्ये भीती घालून आणि भरीला पाडून देणग्या उकळणाऱ्या संस्थांना चाप लावणारा कायदा केला. हे तिन्ही देश उद्योगधंद्याचे शत्रू नाहीत आणि धर्माचेही नाहीत.

पण मला आपल्याला लंडन-पॅरिसची उदाहरणं देऊन पटवायचं नाही. गोव्याने हे याआधी करून दाखवलं आहे.

मुंडकाराचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत असे. भाटकाराने हात उगारायची वेळ फारशी येतच नसे. त्याच्या घरचं लग्न असो, माड पाडायचे असोत, की मतदान असो, मुंडकाराला काय करायचं ते न सांगता कळायचं. घर केव्हाही जाऊ शकतं, एवढी जाणीव पुरेशी होती. वरवर पाहिलं तर दोघांचे संबंध प्रेमाचे दिसत. भाटकार अडीअडचणीला पैसे द्यायचा, मुलांच्या बारशाला यायचा. शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत, १९७५ मध्ये, याच विधानसभेने मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा केला, तेव्हा सभागृहाने ‘मारलं का?’ असं विचारलं नाही. माणसाच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असेल तर त्याची संमती ही संमती नसते, हे सभागृहाने मान्य केलं. आपल्यापैकी कित्येकांची घरं, आणि माझंही घर, त्या कायद्यामुळे आपली झाली.

दुसरं उदाहरण २००३ च्या गोवा बाल कायद्याचं. केंद्राचा पोक्सो कायदा २०१२ चा, म्हणजे गोवा नऊ वर्षं आधी पुढे गेला होता. त्या कायद्याने हॉटेलच्या आवारातल्या मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर आणि व्यवस्थापकावर टाकली. कुटुंबीय किंवा नातेवाईक सोबत असल्याची नोंद नसेल तर मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही, असं स्पष्ट बजावलं. गुन्हा करणारा एकटा माणूस असतो हे खरं, पण गुन्हा कुठल्या तरी छपराखाली घडतो आणि त्या छपराचा धनी हात झटकू शकत नाही, हे तत्त्व गोव्याने तेव्हाच स्वीकारलं. मी मागते तो कायदा त्याच तत्त्वाचं पुढचं पाऊल आहे.

शेजारच्या महाराष्ट्राने जात पंचायतींच्या बाबतीत तेच केलं. वाळीत टाकण्याची प्रकरणं, विशेषतः रायगड जिल्ह्यातली, एकामागून एक पुढे आली. मग २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथेही कुणी मारत नव्हतं. पाणी, दुकान, सोयरीक आणि स्मशान तोडलं जात होतं. एक समूह माणसावर असं राज्य करू शकतो आणि कायदा त्यात हात घालू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे.

आता अडचणींकडे येते, कारण सभागृहात त्या निघतीलच.

धर्मसंस्थांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या बहिष्कृतीविरोधी कायद्याला दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाचा फेरविचार फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. म्हणून गोव्याच्या कायद्याने कोण कुठल्या पंथात राहील, कुणाला काढलं जाईल, कुठला उपवास योग्य, यात पडूच नये. कवळे-पर्तगाळीच्या मठांपासून राशोलच्या सेमिनरीपर्यंत या भूमीत व्रतस्थ जीवनाची मोठी परंपरा आहे आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. स्वतः निवडलेली शिस्त, मौन, ब्रह्मचर्य, आज्ञापालन यांना कायद्याने हात लावायचा नाही. कायद्याने एवढंच पाहायचं की ज्याला निघायचं आहे त्याला निघता येतं का. त्याची कागदपत्रं, पैसे आणि घरच्यांशी संपर्क त्याच्या हातात आहेत का. जिथे दार खरोखर उघडं आहे त्या मठाला या कायद्याची भीती बाळगायचं कारणच नाही.

उद्योजक म्हणतील, बाँड नसेल तर शिकवलेली माणसं पळून जातात. बाँड बेकायदा ठरवा, असं मी म्हणत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला आणि भरतीच्या खर्चाचा त्यामागचा तर्क मला बँकेतली असल्यामुळे कळतो. पण त्या बाँडात रक्कम लिहिलेली होती, ती भरून माणूस मोकळा होऊ शकत होता. कोऱ्या रकमेचा कागद, अडवलेली प्रमाणपत्रं आणि जामीनदार म्हणून बापाची सही, ही त्या बाँडाच्या जवळपासचीही गोष्ट नाही.

गैरवापर होईल ही भीती मी ऐकली आहे. घरातल्या प्रकरणात एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध उभा राहतो, हे खरं. संस्थेचं तसं नसतं. तिथे रजिस्टर असतं, हजेरीपट असतो, सीसीटीव्ही असतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेले आदेश असतात, एकाच साच्यातली माफीपत्रं फायलीत लावलेली असतात आणि एकाच अनुभवातून गेलेली दहा माणसं असतात. न्यायालयासमोर पुरावा आणायला घरापेक्षा संस्था सोपी आहे. खोटी तक्रार उघडी पडायलाही सोपी.

माझ्या मते कायद्यात काय असावं ते सांगते. राहणं, शिकणं, नोकरी, उपचार किंवा उपासना यासाठी जी संस्था माणसाला आपल्या ताब्याच्या जागी ठेवते, तिने किंवा तिचा कारभार हाकणाऱ्याने पुन्हा पुन्हा असं वागून त्याची मोकळीक गंभीरपणे हिरावली, तर तो गुन्हा. ओळखपत्र आणि मूळ प्रमाणपत्रं अडवणं, बँकखातं ताब्यात घेणं, घरच्यांशी बोलण्यावर पाळत, एकमेकांवर हेरगिरी करायला लावणं, भीती घालून कबुल्या लिहून घेणं, निघू पाहणाऱ्याला कर्जाची किंवा बदनामीची धमकी, यांचा उल्लेख नावानिशी हवा. म्हणजे पोलीस ठाण्यातल्या शिपायालाही ते वाचून दाखवता येईल. ‘स्वखुशीने लिहून दिलं आहे’ हा बचाव चालणार नाही, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. रुग्णाच्या किंवा मुलाच्या भल्यासाठी घातलेली वाजवी बंधनं मात्र वगळलेली हवीत. शिक्षा पदावरच्या माणसालाही व्हावी आणि संस्थेलाही, नोंदणी रद्द करण्यापर्यंत.

शिक्षेपेक्षाही मला तातडीचा आदेश महत्त्वाचा वाटतो. माणूस बाहेर पडल्यावर त्याला खटला जिंकायचा नसतो, उद्यापासून दुसरीकडे काम शोधायचं असतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्यासारखा दंडाधिकाऱ्याकडे साधा अर्ज करता यावा आणि कागद, कार्ड, फोन, थकलेला पगार परत करण्याचा आदेश तीन दिवसांत मिळावा. एवढं एक कलम झालं तरी निम्मे फास आपोआप सुटतील, कारण कागद परत द्यावेच लागणार हे माहीत असलं की ते अडवण्यात अर्थ उरत नाही.

हे फक्त त्या मुलीपुरतं नाही. मालीम आणि कुटबणच्या जेटींवर ओडिशा, झारखंड, आंध्रातून आलेले खलाशी ट्रॉलरवरच राहतात. २०२४ च्या पावसात कुटबणला त्यांच्यात कॉलरा पसरून माणसं दगावली, तेव्हा ही राहणी सगळ्या राज्यासमोर आली. ज्याचं काम, जेवण, झोपायची जागा आणि किनाऱ्यावर उतरणं एकाच माणसाच्या हातात असतं, त्याने तक्रार कुठे उभं राहून करायची? आखातात गेलेल्या आपल्या माणसांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतात, या गोष्टीची चीड गोव्यातल्या घराघरांत आहे. भारताचा पासपोर्ट कायदा तर सांगतो की पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, खासगी माणसाला तो अडकवून ठेवायचा अधिकार नाही. कुवेतमध्ये आपल्या भावासाठी आपण जे मागतो, ते इथे आलेल्या ओडिशाच्या भावाच्या आधारकार्डालाही लागू झालं पाहिजे.

आधार घटनेत आहे. १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी सक्तीच्या मजुरीला बंदी घालणाऱ्या कलम २३ मधल्या सक्तीचा अर्थ लावताना सांगितलं की सक्ती केवळ शारीरिक किंवा कायद्याची नसते. दुसरा मार्गच उरू न देणारी आर्थिक परिस्थिती हीदेखील सक्तीच आहे. फौजदारी कायदा आणि कामगार कल्याण हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्रासारखाच राज्यालाही कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगती निघाली तर कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घेता येते, महाराष्ट्राने घेतलीच. विधानसभेच्या अधिकारात हे बसत नाही, असं कुणी म्हणू नये.

सरकारने विधेयक आणलं तर उत्तम. नाही आणलं तर शुक्रवारच्या खासगी कामकाजात आपल्यापैकी कुणी, कुठल्याही पक्षाच्या सदस्याने, ते मांडावं. मांडल्यावर घाईने संमत करू नये, चिकित्सा समितीकडे पाठवावं. समितीने बंद दाराआड साक्षी घ्याव्यात, नावं गुप्त ठेवावीत, आणि कोकणी-मराठीबरोबर हिंदी, कन्नड, ओडियातही बोलण्याची सोय करावी. जेटीवर जावं, औद्योगिक वसाहतीत जावं, वसतिगृहांत जावं, आणि जाताना संस्थाचालकांना बाहेर थांबायला सांगावं. संस्थाचालकांचंही वेगळं ऐकून घ्यावं. त्यांच्यातले पुष्कळ जण सचोटीने काम करतात, आणि शेजारची संस्था माणसं दाबून स्वस्तात चालते याचा फटका त्यांनाही बसतो.

ती मुलगी समितीपुढे बोलायला तयार आहे. तिच्यासोबत मी येईन. मात्र तिची तीन मूळ प्रमाणपत्रं अजूनही त्या संस्थेकडेच आहेत आणि नव्या ठिकाणी तिला ती या महिन्यात दाखवायची आहेत. कायदा होईपर्यंत ती मिळवण्यासाठी आजच्या कुठल्या कलमाखाली, कुठल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, एवढं आपल्यापैकी कुणी मला लेखी कळवावं. अर्ज मी लिहीन.

आपली विश्वासू,
फोंडा तालुक्यातील एक निवृत्त बँक कर्मचारी